स्वस्त इंजिन शेवटी कितीला पडतं?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतली पोरं परदेशी जाऊन काय काय करतील याचा नेम नाही. माझा पुतण्या अमेरिकेत, ओहायोमध्ये, गॅरेजात दोन सीटचं विमान बनवतोय. पंख झाले, सांगाडा झाला, गाडी अडलीय इंजिनापाशी. घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. वहिनी म्हणतात, "सोड हा नाद." तरुण मंडळी म्हणतात, "जुन्या मोटारीचं इंजिन बसव, पाव खर्चात काम होईल." मला दोन्ही पटत नाही.

मोटारीच्या इंजिनाची कल्पना वेडगळ नाही, हे आधी सांगतो. 1903 साली राइट बंधूंना हवं तसं हलकं इंजिन कुठल्याही कारखान्याकडून मिळालं नाही. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर यानं सुमारे 12 हॉर्सपॉवरचं इंजिन सहा आठवड्यांत घडवलं. पुढे बर्नार्ड पीटनपोलनं फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन विमानाला लावलं. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर तर आजही कितीतरी घरगुती विमानं उडतात.

पण आम्ही बँकवाले खरेदीची किंमत बघत नाही, प्रोजेक्ट कॉस्ट बघतो. मोटारीचं इंजिन रस्त्यावर क्वचितच पूर्ण जोर लावतं. विमानात त्याला तासन् तास पाऊण ताकदीनं पळावं लागतं. आजच्या मोटारींची ताकद मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते, पंखा मात्र अडीच-तीन हजारांतच नीट ओढतो. म्हणजे मध्ये गिअरबॉक्स आला. मग रेडिएटर, दुहेरी इग्निशन, माउंट. शिवाय तिकडे प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला साधारण 25 तास चाचणी-उड्डाण लागतं, इतर जोडीला 40. त्या जादा तासांचं पेट्रोल कोण धरतो?

नव्या इंजिनातही तेच. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं टू-स्ट्रोक 582 स्वस्त असायचं, पण ओव्हरहॉल 300 तासांनी किंवा 5 वर्षांनी. त्यांचंच 912 बरंच महाग, पण मुदत 2000 तास किंवा 15 वर्षं. वर्षाला 50 तास उडणाऱ्यानं 15 वर्षांचा हिशोब मांडावा: एकाला तीन ओव्हरहॉल, दुसऱ्याला एक. आपल्याकडे गुजरातीत म्हणतात ना, "सस्तुं भाडुं ने सिद्धपुरनी जात्रा", कमी भाड्यात यात्राही पदरात. इंजिनात अशी यात्रा घडत नाही.

माझं मत असं: नवं परवडत नसेल तर कॉन्टिनेंटल ओ-200 सारखं, सेस्ना 150 मध्ये असायचं ते 100 हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन शोधावं, पण लॉगबुकासकट. लॉगबुक म्हणजे इंजिनाचं पासबुक. मधली पानं गायब असतील तर कितीही स्वस्त असो, हात जोडून परत यावं. पंखा कधी जमिनीला आपटला होता का, हे विचारावं आणि क्रँकशाफ्ट तपासल्याचा कागद मागावा.

काटकसर रंगात करा, गाद्यांत करा. विमानाला इंजिन एकच आहे आणि दुसऱ्या सीटवर उद्या त्याची मुलगी बसणार आहे. म्हणून घरच्यांना सांगणं आहे: नाद सोड म्हणू नका, स्वस्तातलं घे म्हणूनही भरीला घालू नका. काही द्यायचंच असेल तर त्याला एक वर्ष थांबायला सांगा आणि इंजिनाच्या खात्यात थोडी भर घाला. माझा वाटा मी काढून ठेवलाय.