नखांवरचा अर्धचंद्र

घरच्या घरी, जुन्या पद्धतीने नखे रंगविण्याची हौस पुन्हा मूळ धरते आहे. फॅशनची आणखी एक लहर म्हणून ती सोडून देता येईल. पण तिच्या आडोशाला सौंदर्याच्या बाजारातील सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी युरोपीय संघाने एका रसायनाला सौंदर्यप्रसाधनांतून अर्धचंद्र दिला. त्याचे लांबलचक नाव बाजूला ठेवले तरी ‘टीपीओ’ ही आद्याक्षरे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. नखांवर लावलेले जेल दिव्याखाली काही क्षणांत कडक व्हावे, यासाठी ते वापरले जात होते. प्रजननक्षमतेला बाधक ठरू शकणाऱ्या पदार्थांत त्याची नोंद झाली आणि बंदी आली. उरलेला साठा विकून टाकण्याची मुभाही दुकानदारांना मिळाली नाही, आणि सलूनमधील आधीच उघडलेल्या बाटल्यांचा वापरही थांबला. ही नोंद प्राण्यांना मोठी मात्रा देऊन केलेल्या प्रयोगांवर आधारलेली आहे, नखे रंगविणाऱ्या महिलांच्या आजारांवर नाही, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही युरोपने वाट न पाहता सावधगिरी पत्करली.

या पार्श्वभूमीवर ‘व्हिन्टेज मॅनिक्युअर’कडे पाहिले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत जगभर सलूनची दारे बंद झाली आणि अनेकींनी नखांची निगा घरीच राखायला सुरुवात केली. त्यातल्या काहींना त्यासाठी १९२० ते १९५० या काळातली रीत खुणावू लागली. तिला यंत्र लागत नाही. नखे कानशीने घासून बदामी किंवा लंबगोल करावयाची, बोटे साबणाच्या कोमट पाण्यात बुडवावयाची, नखाच्या मुळाशी असलेली कातडी न कापता लाकडी काडीने हलकेच मागे सारावयाची, मऊ चामड्याने नखांना झिलई आणावयाची आणि मग रंग लावावयाचा. त्यातही खुबी अशी की, मुळाशी दिसणारा पांढरट अर्धचंद्र कोरा सोडावयाचा. काही जणी नखाचे टोकही कोरे ठेवीत. हाच ‘मून मॅनिक्युअर’. लाल रंगाच्या दोन पातळ थरांना नीट सुकू द्यायचे, म्हणजे निम्मी दुपार गेलीच.

या रंगाचा इतिहास मात्र मुळीच नाजूक नाही. नखांना चकाकी देणाऱ्या पॉलिशचा आधार म्हणजे नायट्रोसेल्युलोज. बंदुकीच्या दारूच्या कुळातला हा पदार्थ पहिल्या महायुद्धानंतर मोटारींच्या झटपट सुकणाऱ्या रंगांत आला आणि त्याच रसायनशास्त्राने नखांचा बाजारही घडविला. १९३२ साली अमेरिका महामंदीत रुतलेली असताना चार्ल्स रेव्हसन, त्यांचे बंधू जोसेफ आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी ‘रेव्हलॉन’ सुरू केली, तीही एकट्या नेलपॉलिशच्या भरवशावर. पारदर्शक रंगांऐवजी रंगकण घातलेले दाट पॉलिश त्यांनी आधी ब्युटी पार्लरमध्ये विकले. नवा पोशाख परवडत नसला तरी नवा रंग परवडत होता. मंदीत छोट्या चैनीची विक्री टिकून राहते, हा लिओनार्ड लॉडर यांनी २००१ मध्ये लिपस्टिकवरून मांडलेला सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञांना सर्वस्वी मान्य नाही; पण रेव्हलॉनचा जन्म त्याला पोषकच आहे. याच कंपनीला जून २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, हा काळाचा महिमा.

जुन्या आणि नव्या पद्धतींत खरा फरक रंगाच्या छटेचा नसून सुकण्याचा आहे. जुन्या पॉलिशमधील द्रावक हवेत उडून जातो आणि रंगाचा पापुद्रा मागे उरतो; रिमूव्हरचा बोळा फिरवला की तो निघतो. जेल असे सुकत नाही. त्यातील अ‍ॅक्रिलेट वर्गाचे सुटे रेणू दिव्याच्या अतिनील प्रकाशात एकमेकांना जोडले जातात आणि नखावर प्लॅस्टिकसारखे कवच तयार होते. ‘शेलॅक’ या नावाने २०१० मध्ये आलेल्या उत्पादनानंतर ही पद्धत जगभर फोफावली. दोन आठवडे न निघणारा रंग नोकरदार महिलेला सोयीचा वाटला, यात तिचे काही चुकले असे नाही. परंतु हे सुटे रेणू कडक होण्याआधी त्वचेला लागले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याविषयी इशारा दिला आणि घरी वापरावयाच्या जेल-संचांचा त्यात विशेष उल्लेख केला.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. बोटांना खाज, पुरळ, नखे सुटणे, एवढ्यावर ते थांबत नाही. याच कुळातली रसायने दातांत भरावयाच्या सिमेंटमध्ये, सांधेरोपणात हाड चिकटविणाऱ्या मिश्रणात आणि मधुमेहींच्या दंडावर चिकटविल्या जाणाऱ्या साखरमापकांतही असतात. विसाव्या वर्षी हौसेने लावलेल्या रंगाचा हिशेब साठाव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी समोर येऊ शकतो. दिव्याबाबतही शंका आहेतच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या दिव्यांखाली २० मिनिटे ठेवलेल्या पेशींपैकी २० ते ३० टक्के मरण पावल्या आणि उरलेल्यांपैकी काहींच्या जनुकांत बदल आढळले. हा प्रयोग बशीतील पेशींवर होता, जिवंत हातावर नव्हे. त्यावरून कर्करोगाची हाकाटी करणे अनुचित ठरेल. पण निर्धास्त राहण्याजोगाही तो निष्कर्ष नाही.

येथे जुन्या पद्धतीतला अर्धचंद्र नव्या अर्थाने उजळतो. नखाचे मूळ रंगाने झाकले तर नखाला इजा होते, असे त्या काळी अनेकांना वाटे. ती समजूत शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. नखाचा दिसणारा भाग मृत केराटिनचा असतो, त्याला श्वास वगैरे लागत नाही. मात्र कारण चुकीचे असले तरी आचरण शहाणपणाचे होते. मुळाशी जागा कोरी सोडल्याने रंग कातडीपर्यंत पोहोचतच नसे. आज त्वचारोगतज्ज्ञ जेलबाबत नेमका हाच सल्ला देतात: ते कातडीला लागू देऊ नका.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मानण्याचेही कारण नाही. जुन्या धाटणीच्या पॉलिशमध्ये टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट हे त्रिकूट दीर्घकाळ मुक्कामाला होते. त्यातील तिसऱ्यावर युरोपने २००४ मध्ये बंदी आणली. पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही ज्वालाग्राही असतात. गॅसच्या शेगडीशेजारी किंवा देवघरातील समईसमोर बसून नखे रंगविणे हा शुद्ध अविचार होय. खिडकी उघडी असावी आणि बाटलीवरील घटकांची यादी वाचलेली असावी. ‘घरी केले म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण तर साफ खोटे आहे. स्वस्तातला दिवा आणि जेलची बाटली मागवून, कोणत्याही प्रशिक्षणाविना केलेला प्रयोगही घरीच होत असतो.

या व्यवहारात एक तिसरी व्यक्ती आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. ग्राहक महिन्यातून एकदा किंवा दोनदा ही रसायने हुंगते. सलूनमधील कामगार दिवसभर. अमेरिकेत या व्यवसायावर व्हिएतनामी महिलांचा ठसा आहे. त्याची सुरुवात १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील निर्वासितांच्या छावणीत झाली, जेव्हा अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी आपल्या मॅनिक्युरिस्टकरवी तेथील वीस महिलांना हे कौशल्य शिकविले. याच व्यवसायातील वेतन आणि आरोग्याची दुरवस्था २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मांडली. त्यातील काही तपशिलांवर वाद झाला, पण न्यूयॉर्क राज्याला तपासण्या सुरू कराव्या लागल्या. मुंबई-पुण्याच्या मॉलमधील नेल-बारमध्ये मुखपट्टी लावून बसलेल्या, बहुधा दूरच्या राज्यातून आलेल्या मुलीला, समोरच्या बाटलीत काय आहे हे कोणी सांगितले असेल काय?

भारतात या हौसेला आपला इतिहास आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या आयातीवर परकीय चलन खर्च होऊ नये, या विचारातून टाटा समूहाने १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ उभी केली. एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचे हे नाव आपल्या ‘लक्ष्मी’चेच रूपांतर आहे. मध्यमवर्गीय घरात अशी एक बाटली कपाटात असे, लग्नाच्या आदल्या दिवशी ती बहिणींमध्ये फिरे आणि रंग वाळेपर्यंत हात हवेत धरून बसलेल्या मुलींना आईची बोलणी खावी लागत. जग ज्याला आज ‘व्हिन्टेज’ म्हणून गौरवते, ती आपल्याकडे आईची पद्धत होती. महिन्याच्या महिन्याला नखांसाठी सलून गाठणे ही पुढच्या पिढीची सवय.

आता ही सवय रुजली असेल तर नियमांनीही तिच्यामागे धावले पाहिजे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आहेत. पण युरोपातील बंदी आपल्याला आपोआप लागू होत नाही, आणि बंदी आलेल्या देशांत न खपणारा माल अन्य बाजारांकडे वळतो, हा व्यापाराचा जुनाच अनुभव आहे. टीपीओसारख्या पदार्थांबाबत सरकारने आपली भूमिका जाहीर करावी, कडक न झालेल्या जेलच्या धोक्याचा इशारा बाटलीवर मराठीसह भारतीय भाषांत छापणे बंधनकारक करावे, आणि सलूनना परवाना देताना खेळत्या हवेची अट घालून ती तपासावी. या मागण्या अवाजवी नाहीत.

तोवर ग्राहकाने काय करावे? निम्मी दुपार काढून, खिडकीशी बसून, मुळाशी चंद्रकोर कोरी सोडून नखे रंगविणारी महिला आपल्यापुरता तोडगा काढत आहे, आणि तो वाईट नाही. परंतु वैयक्तिक शहाणपण हा सार्वजनिक नियमनाला पर्याय ठरत नाही. तिला घरी बसून साधा रंग लावता येईल; नेल-बारमधल्या त्या मुलीला मात्र उद्याही त्याच दिव्यासमोर बसायचे आहे.