दोघांच्या दोन वाटा
बेंगळुरूच्या शिवाजीनगरात ८ सप्टेंबरला, मरियमच्या जन्मदिनी, सेंट मेरीज बॅसिलिकाचा रथ निघतो. मूर्तीला साडी नेसवलेली असते. भगव्या साड्यांतल्या बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असतं. काही जण ही नुसती नवसाची गर्दी म्हणून मोडीत काढतात. मला ते मुळीच पटत नाही. दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडायलाही मन मोकळं असावं लागतं. ही रांग पाहिली की मला हिंदू घरात जन्मून ख्रिस्ती झालेलं टिळक दांपत्य आठवतं. कवी नारायण वामन टिळकांना ‘नवा करार’ मिळाला तो आगगाडीत, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांना मात्र सोडलं नाही. ख्रिस्ताची भक्ती अभंगातच गायली. पण मला त्याहून मोठी वाटते ती लक्ष्मीबाईंची वाट. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार उधळला, तरी त्या त्याच्यामागे मुकाट्याने गेल्या नाहीत. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही सोवळं पाळलं, वेगळं शिजवून खाल्लं. मग जातिभेद माणसांनीच केलेला, हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि १९०० साली, स्वतःला पटल्यावरच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलंय. धर्म बदलणाऱ्याविषयी आणि न बदलणाऱ्याविषयीही तोंड उघडण्याआधी ती पानं आपण जरूर वाचावीत.