मनाच्या आजाराला दह्याची वाटी पुरेल का?

मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतो आहे: पोटातले चांगले जिवाणू वाढवा, डिप्रेशन पळून जाईल. त्याच्या मागोमाग प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, पावडर आणि छोट्या बाटल्यांच्या जाहिराती येतात. आपल्या वस्त्यांत टेन्शनला तोटा नाही. कंत्राटी कामाचा भरवसा नाही, पोरगा पदवी घेऊन घरी बसलेला, कामावर आडनाव कळले की समोरच्याची नजर बदलते. म्हणून असा सल्ला पटकन पटतो. पण कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, एखादी गोष्ट ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर ती खरी मानू नका, पारखून घ्या. तेव्हा हा सल्लाही पारखून घेऊ.

त्यात थोडे तथ्य जरूर आहे. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात. आतडी आणि मेंदू यांच्यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून आणि रक्तातून सतत निरोप जात-येत असतात. परीक्षेच्या दिवशी पोट बिघडते ते काही उगाच नाही. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस जिवाणू खाऊ घातला. ते उंदीर कमी घाबरले, त्यांच्या अंगात ताणाचे संप्रेरकही कमी वाढले. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसला नाही. पुढे तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तेव्हा जिवाणू नसलेल्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा काही झाला नाही. उंदराला लागू पडले ते माणसाला लागू पडेलच असे नसते.

२०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या एका अभ्यासातून आशा वाढली. डिप्रेशनच्या गोळ्या घेऊनही पुरता आराम न पडलेले ४९ रुग्ण त्यात होते. त्यांतील काहींना आठ आठवडे प्रोबायोटिक दिले, बाकीच्यांना जिवाणू नसलेली कॅप्सूल दिली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना जास्त आराम पडला. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ४९ हा आकडा फार लहान आहे. आणि त्या रुग्णांनी आपल्या गोळ्या बंद केल्या नव्हत्या; प्रोबायोटिक हे त्या उपचाराला जोड म्हणून होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घरचे दही, ताक, आंबील जरूर घ्या. ते चांगले अन्न आहे. पण ते डिप्रेशनचे औषध नाही. अभ्यासात ठरावीक जातीचे जिवाणू ठरावीक प्रमाणात दिलेले असतात, ते दह्याच्या वाटीत असतीलच असे नाही. महागडी बाटली आणली म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. तान्ह्या बाळाला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊच नका. बाबासाहेबांनी आपल्याला अंगाऱ्या-धुपाऱ्यातून बाहेर काढले. आता तोच अंगारा बाटलीत भरून घरात येऊ नये.

आणखी एक. पगार थकला, कामावर अपमान झाला, तर त्याचा इलाज पोटातल्या जिवाणूंकडे नाही. त्यासाठी संघटना आहे, कायदा आहे. पण लढणारा माणूस आतून खचला असेल, तर त्याला उपचारही मिळालाच पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी डिप्रेशन झाल्याचे आढळले. म्हणजे आपल्या गल्लीतही असे कुणीतरी असणार. ही ना करणी आहे, ना मागल्या जन्माचे फळ, ना आळस. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहत असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा आणि माणसाला एकटे सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा उपचार आपला हक्क ठरवला आहे. १४४१६ या सरकारी ‘टेली मानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही.

प्रत्येक विहाराच्या फळ्यावर हा क्रमांक लिहिला जावा. रविवारच्या वंदनेनंतर तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्या माताभगिनी हे दुखणे लाजेपोटी लपवतात. त्यांच्या कानावर तो पडला, तर एखादीचा जीव वाचेल.

जयभीम!