तसबिरीतले गृहस्थ आणि बंदराचं फाटक

लिलावाच्या याद्यांमध्ये एक ओळ नेहमी भेटते: 'एका गृहस्थाचे तैलचित्र, अठरावे शतक'. चित्रकाराचं नाव असतं, लांबीरुंदी असते, चौकटीचा टवका उडाला असेल तर तेही लिहिलेलं असतं. गृहस्थ कोण, तेवढं नसतं. भिंतीवरून ती तसबीर उतरवली तेव्हा घरात त्याचं नाव सांगणारं कुणीच उरलं नव्हतं का?

नाव राहिलं तर काय होतं, त्याचं एक उदाहरण आहे. अयुबा सुलेमान डियालो हा आजच्या सेनेगलमधल्या बुंदूचा, आलिमांच्या घराण्यातला. १७३१च्या सुमारास पकडून त्याला अमेरिकेत मेरीलँडला तंबाखूच्या मळ्यावर गुलाम म्हणून विकलं. तिथून त्याने बापाला अरबीत पत्र लिहिलं, ते भलत्यांच्याच हाती पडलं आणि त्यातून सुटकेची वाट निघाली. १७३३ साली तो लंडनला पोहोचला. पक्का हाफिज, तिथे बसून त्याने कुरआनच्या तीन प्रती आठवणीतून उतरवल्या. विल्यम होअरने त्याचं तैलचित्र काढायचं ठरवलं तेव्हा अयुबाने आपल्याच मुलखाच्या पोशाखात काढा म्हणून हट्ट धरला. चित्रात पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा आणि गळ्यात लाल बस्तनीत कुरआन. (त्याच १७३३ साली बाजीराव पेशवे जंजिऱ्याच्या मोहिमेत गुंतले होते. आफ्रिकेतूनच आलेल्या पूर्वजांचे सिद्दी आपल्या किनाऱ्यावर राज्य करत होते.)

२००७ साली हे चित्र लंडनमध्ये लिलावाला आलं आणि कतारच्या संग्रहालयांसाठी घेतलं गेलं. ब्रिटनने ते लगेच बाहेर जाऊ दिलं नाही. तिथला कायदा म्हणतो, थांबा; देशातल्या कुणाला तेवढी किंमत देता येते का ते पाहू. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने लोकांकडे हात पसरला, पैसे जमू लागले. शेवटी कतारने निर्यातीचा अर्ज मागे घेतला आणि चित्र गॅलरीला उसनं दिलं.

आता हेच चित्र आपल्याकडे निघालं असं धरा. खोटं वाटायला नको. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९०च्या दशकात पुण्यात राहून सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रं काढत होता. पेशवे आणि नानांचं त्याचं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

आपला १९७२चा पुरावस्तूंचा कायदा साधा आहे. शंभर वर्षांहून जुनी तसबीर खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. न्हावा शेव्याला कंटेनर भरायचा तर जुनाट दिसणाऱ्या मालासाठी, तो पुरातन नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. चोरून पाठवलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. हे फाटक बंद आहे ते बरंच आहे, उघडा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण फाटकाच्या आत ग्राहक कुठे आहे? बाहेरची किंमत मिळत नाही, आतली कुणी देत नाही. मग ती तसबीर कोकणातल्या चार पावसाळ्यांत बुरशीने जाते, किंवा 'सजावटीचं सामान' असं लिहून निघून जाते. दुसऱ्या वाटेने गेलेल्याचं नाव तर पहिल्यांदा पुसलं जातं, कारण नावावरून घर सापडतं.

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना परत आणली. मला आनंद झाला. पैसे काढायचे ठरवले तर निघतात, हे त्यातून दिसलं. पण बाहेर गेलेलं आणायला जी धावपळ होते, तिच्या निम्मी तरी घरात असलेलं विकत घेऊन ठेवायला व्हावी. त्यासाठी राज्याने कायमचा निधी ठेवावा, आणि तो फक्त राजेरजवाड्यांच्या तलवारींसाठी नसावा. काझी, नाखुदा, दुभाषी, वैद्य यांचे चेहरेही महाराष्ट्राचेच आहेत.

आपल्या घरांचंही थोडं सांगितलं पाहिजे. नमाजच्या खोलीत चेहऱ्याची तसबीर नको, हे समजतं. म्हणून ती माळ्यावर जाते आणि माळा आवरताना भंगारवाल्याकडे. कपड्यात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवायला कुणाची हरकत आहे? नोंदणीचीही उगाच धास्ती असते. नोंदणीने मालकी जात नाही. सरकारला वस्तू हवीच असेल तर मोबदला द्यावा लागतो. आणि नोंदणी व्हायची तेव्हा होवो, त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर नाव, गाव, कुणाचा कोण, एवढं लिहून ती तसबिरीबरोबर ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर.