होकार नको, प्रतिवाद हवा

गेल्या पंधरवड्यात नाशिकहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. त्या लिहितात, ‘मामंजींशी वाद घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून घरातले सगळे ते काय म्हणतील त्याला हो म्हणतात. कुरबुरी थांबल्या हे खरे, परंतु आता ते बोलतच नाहीत. आमचे काही चुकते आहे का?’

वाचकहो, चुकते आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता. मात्र त्यातला अर्धाच भाग बहुतेक घरांपर्यंत पोहोचतो. उरलेला अर्धा, इतकी वर्षे वृद्ध रुग्ण तपासूनही, मला स्वतःला नीट उमगला तो 2025 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ज्या खेळाचे नियम मला आजही धड कळत नाहीत त्या खेळावरून दोन म्हाताऱ्यांचे भांडण ऐकताना.

माझी थोरली बहीण अ‍ॅपलटन या गावी राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तिथल्या कागद कारखान्यांत अभियंता म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झाले. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर ग्रीन बे नावाचे लाखभर वस्तीचे शहर आहे, आणि त्या एवढ्याशा शहराचा ‘पॅकर्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ आहे. 1919 मध्ये स्थापन झालेल्या या संघाला कोणी धनाढ्य मालक नाही. पाच लाखांहून अधिक सामान्य माणसे त्याचे भागधारक आहेत. त्या भागांवर लाभांश मिळत नाही. लोक तो कागद चौकट करून भिंतीवर लावतात आणि धन्य होतात. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत, आणि मूल जन्मले की त्याचे नाव यादीत घालणारे आईबाप तिकडे नवलाचे नाहीत.

एप्रिलमध्ये सामने नसतात. तेव्हा असतो तो ‘ड्राफ्ट’, म्हणजे महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावासारखी बोली इथे लागत नाही. बत्तीस संघ, सात फेऱ्या. मागच्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्याला पहिला मान, विजेत्याला शेवटचा. पुढे त्रेपन्न जणांचा संघ बांधायचा, तेव्हा कोणत्या जागी माणूस कमी आहे याचा हिशेब प्रत्येक चाहत्याच्या खिशात तयार असतो. आणि वाद दरवर्षी तोच : ज्या जागेची गरज आहे तिथला खेळाडू घ्यावा, की गरज असो वा नसो, उपलब्धांपैकी सर्वांत गुणी घ्यावा? मेथी आणायला बाजारात गेलो आणि समोर उत्तम हापूस दिसला तर काय करावे, हाच तो प्रश्न. आमच्या घरी यावरूनही मतैक्य नाही.

भाऊजींच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ त्यांच्या मुलीसह राहतात. तेही कागद कारखान्यातलेच. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. मुलगी मनापासून सेवा करते, आणि नाशिकच्या भगिनींप्रमाणेच प्रत्येक वाक्याला मान डोलावते. ‘दिवसभरात चार वाक्ये बोलतात,’ असे ती मला म्हणाली. भाऊजी मात्र दर दोन दिवसांआड सकाळी दहाला संघाच्या गरजांची यादी घेऊन तिथे जात आणि गेल्याबरोबर कुरापत काढीत. त्या वर्षी चर्चा होती ती चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरची. एक चांगला रिसीव्हर गुडघ्याच्या दुखापतीने बसला होता. भाऊजींचे म्हणणे, पहिल्या फेरीत रिसीव्हरच घ्यावा. म्हाताऱ्याचे म्हणणे, रिसीव्हर म्हणजे पडद्याची झालर. आधी भिंत बांधा. भिंत म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे, पुढच्या रांगेतले धिप्पाड लाइनमन.

‘2002 नंतर पहिल्या फेरीत आपण एकही रिसीव्हर घेतलेला नाही,’ भाऊजी म्हणत.

‘म्हणूनच टिकलो,’ असे उत्तर येई.

‘मग 1989 ला भिंतच घेतली होती ना? काय झाले?’

हा घाव वर्मी बसणारा होता. त्या वर्षी पॅकर्सला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली आणि त्यांनी टोनी मँडरिच नावाचा प्रचंड देहाचा लाइनमन घेतला. तो पार अपयशी ठरला. त्याच्या आधी निवडला गेलेला एक आणि त्याच्यानंतर लगेच निवडले गेलेले तिघे, असे पहिल्या पाचांतले उरलेले चौघेही पुढे त्या खेळाच्या सन्मानदालनात गेले. म्हातारा क्षणभर गप्प झाला. मग बोट नाचवीत त्याने 1956 काढले. त्या साली सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर, संघाने बार्ट स्टार नावाचा मुलगा घेतला होता. त्याने पुढे पाच अजिंक्यपदे मिळवून दिली. ‘पहिल्या फेरीत काय घेता याला काही अर्थ नाही,’ असे म्हणून त्याने स्वतःचाच मूळ मुद्दा मोडीत काढला, आणि ते लक्षात येताच स्वतःच हसला. दारात उभी असलेली त्याची मुलगी माझ्याकडे पाहात राहिली. चार वाक्यांचा हिशेब केव्हाच ओलांडला गेला होता.

ज्या पंधरा वर्षांच्या मुलाने 1956 साली ते नाव ऐकले, त्याच्या मनात ते आजही आहे. सकाळी काय खाल्ले ते मात्र नाही. जुन्या आठवणी अधिक काळ टिकतात हे आपण जाणताच. पण इथे केवळ आठवण नव्हती. जुने अल्बम दाखवले की आठवण निघते आणि संपते. वादात ती आठवण कामाला लागते : ती निवडावी लागते, समोरच्याच्या मुद्द्यापुढे ठेवावी लागते, तोकडी पडली तर दुसरी शोधावी लागते. शिवाय मत देणारा माणूस हा अजून हिशेबात धरलेला माणूस असतो. ज्याच्या प्रत्येक बोलण्याला होकार मिळतो, त्याला आपले बोलणे कोणी ऐकतच नाही, हे कळायला फार बुद्धी लागत नाही. स्मृती गेली तरी तेवढी जाण पुष्कळ दिवस शिल्लक राहते.

आता त्या सल्ल्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळू. एका सकाळी गृहस्थ म्हणाले, ‘बार्ट स्टार परवा दुकानात भेटला होता.’ स्टार 2019 मध्ये वारले. भाऊजींनी ती चूक दुरुस्त केली नाही. ‘कसा वाटला?’ एवढेच विचारले, आणि त्या माणसाच्या सभ्यपणाबद्दल दहा मिनिटे सुरेख गप्पा झाल्या. पुढच्याच वाक्यात लाइनमनचा विषय निघाला तेव्हा मात्र भाऊजी तुटून पडले. भेद इथे आहे. वस्तुस्थितीत चूक झाली, तारीख चुकली, गेलेले माणूस जिवंत वाटले, तर दुरुस्ती करू नये. त्याने रुग्णाला केवळ आपण हरवत चाललो आहोत याची लाज वाटते. परंतु मत हे चूक नसते. मताशी असहमत व्हायला हरकत नाही, किंबहुना व्हावेच. अर्थात हे आजाराच्या प्रारंभीच्या आणि मधल्या टप्प्यासाठी, आणि मूळचा स्वभाव वाद रंगवणारा असेल तरच. आयुष्यभर मितभाषी असलेल्या माणसावर हा प्रयोग करू नये. चेहरा लाल झाला, हात थरथरू लागले, तेच वाक्य पुन:पुन्हा येऊ लागले, की विषय सोडून चहा मागावा.

भाऊजी आणखी काही गोष्टी न शिकता करीत होते. बसण्यापूर्वी ते दूरचित्रवाणी बंद करीत, कारण श्रवणयंत्र मागचा गोंगाट आणि समोरचा आवाज पुरता वेगळा करू शकत नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसत, म्हणजे उजेड त्यांच्या स्वतःच्या ओठांवर पडे. आणि म्हाताऱ्याला शब्द सापडेना तेव्हा ते वाट पाहात. हे सर्वांत कठीण. आपण घाईने शब्द पुरवतो आणि वाक्य त्याच्या हातून काढून घेतो.

खेळाच्या उत्कटतेत धोका नसतो असे नाही. 2006 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना 2.66 पट झाल्याचे एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना हा धोका अधिक होता. ड्राफ्टचा वाद त्या मानाने फारच सौम्य. त्यात कोणी हरत नाही, निदान त्या रात्री नाही. 2005 मध्ये ब्रेट फाव्र भरात असताना संघाने ॲरन रॉजर्सला घेतले आणि तीन वर्षे बसवून ठेवले. त्याच रॉजर्सने 2011 च्या फेब्रुवारीत अजिंक्यपद मिळवून दिले. 2020 मध्ये रॉजर्स असताना जॉर्डन लव्हला घेतले, तेव्हा चाहते संतापले. ताईच्या म्हणण्याप्रमाणे भाऊजींनी दोन दिवस दूरचित्रवाणी लावली नाही. तो लव्ह 2023 मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि पहिल्याच वर्षी संघाला बाद फेरीत घेऊन गेला. निकाल यायला वर्षे लागतात, आणि तोवर मत जिवंत ठेवता येते.

पथ्याचे एवढेच सांगतो : अशा बैठकींत तिकडे खारवलेले सॉसेज आणि तळलेले चीज येते, आपल्याकडे फरसाण, रक्तदाबाच्या रुग्णाने दोन्ही टाळावे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असताना बिअर नको. आणि पैशाची पैज तर मुळीच नको. विसराळू माणसाच्या हाती पैज लावण्याचे ॲप म्हणजे उघडी तिजोरी.

त्या वर्षीचा ड्राफ्ट योगायोगाने ग्रीन बेमध्येच, लँबो मैदानाच्या परिसरात भरला. 24 एप्रिलला, गुरुवारी, पहिली फेरी संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणार होती. दिवस मावळला की स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अस्वस्थ होतात, म्हणून मुलीने वडिलांना दुपारी मुद्दाम झोपवले आणि खोलीतले सगळे दिवे लावून ठेवले. तेविसाव्या क्रमांकावर पॅकर्सने मॅथ्यू गोल्डन या रिसीव्हरचे नाव पुकारले. मैदानावर जल्लोष झाला. भाऊजी टाळ्या पिटू लागले. म्हाताऱ्याने ‘झालर!’ असा एकच शब्द उच्चारला आणि तो झोपायला गेला.

नाशिकच्या भगिनींनी पत्रात ओझरता उल्लेख केला आहे की, मामंजी एके काळी भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीवरून ओसरीवर तावातावाने भांडत. भगिनी, तुमच्या हाती धागा आहे. सकाळच्या चहानंतर रेडिओ बंद करून त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, मामंजी, सलामीला कोण हवा? ते जे नाव घेतील ते बरोबर नाही, असे सांगा. कारण द्या. क्रिकेट येत नसेल तर मुलाला बसवा. नाव पन्नास वर्षांपूर्वीच्या खेळाडूचे आले तरी त्याला जुना म्हणू नका. तो खेळणार असेल तर कोणाला वगळायचे, एवढेच विचारा.

विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी रात्री दुसरी फेरी झाली. चोपन्नाव्या क्रमांकावर पॅकर्सने अँथनी बेल्टन हा सुमारे दीडशे किलोंचा लाइनमन घेतला. दोन मिनिटांत भाऊजींचा फोन वाजला. मुलीने जोडून दिला होता, आवाज म्हाताऱ्याचा.

‘कालच घ्यायला हवा होता.’

‘तीन वर्षांनी कळेल,’ भाऊजी म्हणाले.

‘ठीक आहे, तीन वर्षांनी. पण रिसीव्हरची बाजू तू घेतली होतीस, हे लिहून ठेव. मी विसरेन.’

भाऊजींनी दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात ते लिहिले, आणि खाली तारीख घातली : एप्रिल 2028.