‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनो, हिशेब दाखवा!

साथींनो, अमेरिकेतील बेसबॉलमध्ये लहान शहरांतले संघमालक म्हणतात, नामवंत खेळाडूशी दहा-दहा वर्षांचा करार आम्हाला परवडत नाही. हे रडगाणे आपण प्रत्येक वेतनकराराच्या वेळी ऐकलेले आहे.

कॅन्सस सिटीच्या संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २३ वर्षांच्या बॉबी विट याच्याशी ११ वर्षांचा, २८ कोटी ८७ लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. २०२३ साली १०६ सामने हरलेला हा संघ २०२४ साली ८६ सामने जिंकून बादफेरीत पोहोचला. हे एकट्या विटमुळे झाले असे नव्हे. पण करारामुळे संघ बुडाला नाही!

मालक मिनेसोटाचा दाखला देतात. जो मॉअरशी २०१० साली ८ वर्षांचा, १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. २०१३ मध्ये डोक्याला मार बसून त्याचे कॅचरचे काम सुटले. पगार चालू राहिला. मग बिघडले काय? कामावर जखमी झालेल्याचा पगार तोडायचा काय?

खेळाडू कोट्यधीश आहेत, मान्य. पण तिकिटे त्यांच्याच घामावर विकली जातात. १९७५ च्या लवादाच्या निवाड्यापर्यंत ते एकाच मालकाच्या दावणीला बांधलेले होते. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखाली ते दावे तुटले. आपल्याकडे कंत्राट म्हणजे टांगती तलवार. तिथे लांब मुदतीचे कंत्राट म्हणजे कायम नोकरी.

मोठ्या संघांच्या उत्पन्नातला वाटा लहान संघांना मिळतो. तो खेळाडूंवर खर्च करा. आधी हिशेबाच्या वह्या उघडा, मग ‘परवडत नाही’ म्हणा!