विश्लेषण : सुई, झियारत, ग्वादर, रेको डिक... बलुचिस्तानातील खदखद तेथील गावांतून कशी दिसते?

११ मार्च २०२५ रोजी क्वेट्टाहून पेशावरकडे निघालेली जाफर एक्स्प्रेस बंडखोरांनी बोलन खिंडीच्या परिसरात रोखली. गाडीत चारशेहून अधिक प्रवासी होते आणि ओलीसनाट्य सुमारे दीड दिवस चालले. एरवीही बलुचिस्तान बातम्यांत येतो तो स्फोट, बेपत्ता तरुण किंवा चिनी प्रकल्पांवरील हल्ल्यांमुळेच. मात्र या घटना जिथे घडतात ती ठिकाणे सहसा योगायोगाची नसतात. कुठे गॅस सापडला, कुठे बंदर उभे राहिले, कुठे अणुचाचणी झाली. पाकिस्तानसाठी मोलाच्या ठरलेल्या या जागांतून स्थानिकांच्या पदरात काय पडले, या प्रश्नाभोवती हा संघर्ष फिरत आला आहे.

प्रांत केवढा, वस्ती किती?

बलुचिस्तानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही मोठे. पाकिस्तानचा सुमारे ४४ टक्के भूभाग या एका प्रांतात येतो. लोकसंख्या मात्र २०२३च्या जनगणनेनुसार दीड कोटीच्या आत, देशाच्या जेमतेम सहा टक्के. याचा थेट परिणाम राजकारणावर होतो. नॅशनल असेम्ब्लीच्या २६६ सर्वसाधारण जागांपैकी पंजाबच्या वाट्याला १४१ जागा आहेत, तर बलुचिस्तानच्या वाट्याला केवळ १६. इस्लामाबादेत सत्ता मिळवण्यासाठी बलुचिस्तान जिंकावा लागत नाही आणि तो गमावल्याने सत्ता जातही नाही.

प्रांत एकजिनसीही नाही. उत्तरेकडील पट्ट्यात पश्तुनांची संख्या मोठी आहे. मध्य भागात बलुचांबरोबर ब्राहुई भाषक राहतात; त्यांची भाषा द्रविड कुळातील मानली जाते. क्वेट्टात हजारा शियांच्या वस्त्या आहेत. त्यामुळे ‘बलुच बंड’ म्हणून ओळखला जाणारा संघर्ष साऱ्या प्रांतात सारख्याच तीव्रतेने जाणवत नाही.

क्वेट्टा आणि बोलन खिंडीचे महत्त्व काय?

राजधानी क्वेट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. अफगाण सीमेवर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी येथे मोठी लष्करी छावणी उभारली आणि सिंधच्या मैदानातून बोलन खिंडीमार्गे रेल्वे आणली. पुढे चमनकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे चार किलोमीटर लांबीचा खोजक बोगदा खोदण्यात आला. पाकिस्तानच्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेवर याच बोगद्याचे चित्र होते. ३१ मे १९३५ च्या भूकंपात क्वेट्टा जवळपास जमीनदोस्त झाले. मृतांचा अंदाज ३० ते ६० हजारांदरम्यान सांगितला जातो.

आजही क्वेट्टाला उर्वरित पाकिस्तानशी जोडणारे रस्ते आणि रेल्वे मोजकेच आहेत. म्हणूनच ते बंडखोरांच्या निशाण्यावर असतात. जाफर एक्स्प्रेसवरील हल्ल्याची जबाबदारी ‘बलुच लिबरेशन आर्मी’ अर्थात बीएलएने घेतली. चमनचा प्रश्न वेगळा. तेथील हजारो कुटुंबांची रोजीरोटी सीमेपलीकडच्या रोजच्या ये-जा आणि मालवाहतुकीवर चालते. २०२३ मध्ये सीमा ओलांडण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा झाल्यावर तेथे अनेक महिने धरणे आंदोलन झाले. त्यात बंदूक नव्हती, मागणी पोटापाण्याची होती.

वादाचे मूळ कलातमध्ये कसे?

क्वेट्टाच्या दक्षिणेला कलात हे छोटे शहर आहे. ब्रिटिश काळात हीच बलुचिस्तानातील प्रमुख संस्थानाची राजधानी होती. ऑगस्ट १९४७ मध्ये कलातचे खान मीर अहमद यार खान यांनी संस्थान स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. मार्च १९४८ मध्ये खारान, लासबेला आणि मकरान यांचे पाकिस्तानात विलीनीकरण झाले आणि कलात एकटे पडले. २७ मार्च रोजी खानांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. ही सही दबावाखाली झाली, असे बलुच राष्ट्रवादी मानतात. पाकिस्तानच्या दृष्टीने ते रीतसर विलीनीकरण होते. खानांचे धाकटे बंधू अब्दुल करीम यांनी त्याच वर्षी बंड केले. त्यानंतर १९५८, १९६० चे दशक, १९७३ ते ७७ आणि २००४-०५ पासून आजवर असे उठावाचे टप्पे झाले. आधीच्या बंडांचे नेतृत्व प्रामुख्याने टोळ्यांच्या सरदारांकडे होते. आताच्या टप्प्यात शिकलेल्या, मध्यमवर्गीय तरुणांचा सहभाग लक्षणीय आहे.

सुई गावच्या गॅसचे काय झाले?

पाकिस्तानात घरगुती नैसर्गिक वायूला आजही सर्रास ‘सुई गॅस’ म्हणतात. सुई हे डेरा बुगती जिल्ह्यातील गाव. तेथे १९५२ मध्ये वायूचा प्रचंड साठा सापडला आणि काही वर्षांतच तो वाहिनीने कराचीपर्यंत पोहोचला. प्रांताची राजधानी क्वेट्टाला मात्र त्यासाठी १९८० चे दशक उजाडावे लागले. सुईच्या परिसरातील अनेक वस्त्यांत तर त्यानंतरही लाकूडफाट्यावरच चूल पेटत राहिली. ज्या प्रांतात विहीर आहे त्याची गरज आधी भागवावी, असे पाकिस्तानच्या १९७३ च्या राज्यघटनेचे १५८ वे कलम सांगते. बलुच नेते आपल्या भाषणांत या कलमाचा दाखला वारंवार देतात.

माजी मुख्यमंत्री आणि बुगती टोळीचे प्रमुख अकबर बुगती यांचा केंद्राशी झालेला संघर्ष याच जिल्ह्यातून पेटला. २६ ऑगस्ट २००६ रोजी लष्करी कारवाईत त्यांचा मृत्यू झाला. ज्या नेत्याने केंद्राशी जुळवून घेत प्रांताचे राज्यपालपदही भूषवले होते, त्याचाच असा शेवट झाल्याने वाटाघाटींचा मार्ग मानणाऱ्यांची बाजू लंगडी पडली. त्यांच्या स्मृतिदिनी, २६ ऑगस्ट २०२४ रोजी बीएलएने प्रांतभर हल्ले केले. मुसाखेल जिल्ह्यात वाहनांतून उतरवून, ओळखपत्रे तपासून प्रवाशांना गोळ्या घालण्यात आल्या. मृतांत बहुतेक पंजाबमधील मजूर आणि चालक होते. गॅसच्या वाटणीशी या माणसांचा काडीचाही संबंध नव्हता.

झियारतमधील वास्तूवर हल्ला का झाला?

जुनिपरच्या प्राचीन जंगलात वसलेले झियारत हे थंड हवेचे ठिकाण. तेथील १८९२ मध्ये बांधलेल्या लाकडी निवासस्थानात मोहम्मद अली जीना यांनी १९४८ मध्ये अखेरच्या आजारपणाचा काळ घालवला. ही वास्तू पाकिस्तानच्या शंभर रुपयांच्या नोटेवर आहे. १५ जून २०१३ रोजी बीएलएने रॉकेट आणि बॉम्बहल्ला करून ती जाळली. राष्ट्राच्या संस्थापकाची खूण पुसणे हाच त्यामागचा संदेश होता. सरकारनेही तो तसाच घेतला. जवळपास वर्षभरात वास्तू पूर्ववत उभारून १४ ऑगस्ट २०१४ रोजी, स्वातंत्र्यदिनी ती पुन्हा खुली करण्यात आली. वास्तू उभी राहिली. प्रश्न होता तिथेच राहिला.

ग्वादरचे ‘दुबई’ झाले का?

अरबी समुद्रात हातोड्याच्या आकारात घुसलेल्या भूशिरावरचे ग्वादर हे मूळचे मासेमारांचे गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते ओमानच्या ताब्यात होते. पाकिस्तानने ते १९५८ मध्ये ३० लाख पौंडांना विकत घेतले. येथील खोल पाण्याच्या बंदराचे उद्घाटन २००७ मध्ये झाले. २०१३ मध्ये त्याचे व्यवस्थापन चिनी कंपनीकडे गेले आणि २०१५ पासून ‘चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिके’चे, म्हणजे सीपेकचे ते टोक ठरले. चीनच्या निधीतून बांधलेला विमानतळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला.

बंदराच्या उत्पन्नातील ९१ टक्के वाटा चिनी कंपनीला आणि ९ टक्के ग्वादर बंदर प्राधिकरणाला मिळतो, अशी माहिती २०१७ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटमध्ये देण्यात आली होती. तिकडे मकरान किनाऱ्यावरील गावे विजेसाठी आजही शेजारच्या इराणवर अवलंबून आहेत. २०२१ मध्ये मौलाना हिदायत-उर-रहमान यांच्या नेतृत्वाखाली ‘हक दो तहरीक’ हे आंदोलन उभे राहिले तेव्हा हजारो बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या. मागण्या साध्या होत्या. पिण्याचे पाणी द्या, बाहेरच्या ट्रॉलरना आमच्या समुद्रात मासेमारी करू देऊ नका, जागोजागच्या तपासणी नाक्यांवरचा जाच थांबवा. वेगळे राष्ट्र त्यांनी मागितले नव्हते. जगाच्या नकाशावर आलेल्या बंदराच्या गावाला पाण्यासाठी मोर्चा काढावा लागला, ही बाब सीपेकच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा अधिक बोलकी ठरली.

चगाई आणि रेको डिक यांचा संबंध काय?

दोन्ही नावे इराण-अफगाणिस्तान सीमेलगतच्या एकाच वाळवंटी जिल्ह्याची. २८ मे १९९८ रोजी चगाई जिल्ह्यातील रास कोह डोंगरात पाकिस्तानने पहिल्या अणुचाचण्या केल्या. हा दिवस तेथे ‘यौम-ए-तकबीर’ म्हणून साजरा होतो. याच जिल्ह्यात सैंदक ही चिनी कंपनी चालवत असलेली खाण आहे आणि जगातील मोठ्या अविकसित तांबे-सोने साठ्यांपैकी एक मानला जाणारा रेको डिकही.

रेको डिकचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. २०११ मध्ये परदेशी कंपनीला खाणपट्टा नाकारण्यात आला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ करारच रद्द ठरवला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाकिस्तानला सुमारे ५.९ अब्ज डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. अखेर २०२२ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार ५० टक्के वाटा कॅनडाच्या बॅरिक कंपनीचा, २५ टक्के पाकिस्तानच्या केंद्रीय कंपन्यांचा आणि २५ टक्के बलुचिस्तान सरकारचा आहे. सुईच्या तुलनेत हे मोठे पाऊल आहे. पण प्रांत सरकारला मिळालेला पैसा गावापर्यंत पोहोचतो का, ही शंका उरते. ती निराधार नाही. २०१६ मध्ये प्रांताच्या अर्थ सचिवाच्या घरातून ६० कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त झाली होती. २०१० पासून केंद्रीय महसुलात बलुचिस्तानला त्याच्या लोकसंख्येपेक्षा अधिक, म्हणजे ९.०९ टक्के वाटा मिळतो. म्हणजे सगळा दोष इस्लामाबादवर ढकलूनही चालत नाही. प्रांतातील सरदार, मंत्री आणि नोकरशाहीलाही उत्तर द्यावे लागते.

तुर्बतमधून निघालेला मोर्चा महत्त्वाचा का ठरला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये तुर्बत येथे कोठडीतील एका तरुणाला चकमकीत मारल्याचा आरोप झाला. पोलिसांनी आरोप फेटाळला, पण तुर्बतहून निघालेला मोर्चा थेट इस्लामाबादला पोहोचला. त्यात महिला आघाडीवर होत्या आणि नेतृत्व डॉ. महरंग बलोच यांच्याकडे होते. त्यांचे वडील २००९ मध्ये बेपत्ता झाले आणि २०११ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. बेपत्ता व्यक्तींच्या आकड्यांबाबत सरकार आणि संघटनांत मोठा फरक आहे. मात्र हातात छायाचित्र घेऊन बसलेल्या आया-बहिणींमुळे हा प्रश्न नाकारणे कठीण झाले. मार्च २०२५ मध्ये महरंग यांना अटक झाली. शांततामय आंदोलनाचा मार्ग बंद झाल्यास त्याचा फायदा बंदूकधारी गटांनाच होतो, असा इशारा तेव्हा पाकिस्तानातीलच अनेक भाष्यकारांनी दिला.

भारत आणि महाराष्ट्राशी नाते कोणते?

बोलनच्या पायथ्याशी असलेल्या मेहरगढमध्ये इसवी सनपूर्व ७००० च्या सुमारास शेती करणाऱ्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले. सिंधू संस्कृतीच्या पूर्वपीठिकेचा शोध येथपर्यंत येतो. मकरान किनाऱ्याजवळ हिंगोल नदीकाठच्या गुहेत हिंगलाज माता आहे. महाराष्ट्रातील भावसार समाजाची ती कुलदेवता. दर वसंतात तेथे भरणारी यात्रा ही पाकिस्तानातील हिंदूंची सर्वांत मोठी यात्रा समजली जाते. पानिपतानंतर नेल्या गेलेल्या मराठा युद्धकैद्यांचे वंशज म्हणजे डेरा बुगती परिसरातील ‘बुगती मराठा’, असेही मानले जाते.

वर्तमानातील नाते मात्र तणावाचे आहे. कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात पकडल्याचा पाकिस्तानचा दावा आहे. त्यांचे इराणमधून अपहरण झाले, असे भारत सांगतो. बंडाला भारताची फूस असल्याचा पाकिस्तानचा आरोप भारताने सातत्याने फेटाळला आहे.

पुढे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बीएलएला परदेशी दहशतवादी संघटना घोषित केले. चीनपाठोपाठ अमेरिकेलाही येथील खनिजांत रस आहे. त्यामुळे लष्करी बंदोबस्त वाढेल, हे उघड आहे. रेको डिकमधून २०२८ मध्ये उत्पादन सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तांब्याची पहिली खेप बाहेर पडेल तेव्हा चगाईतील शाळा, दवाखाने आणि नळांची स्थिती काय असेल, यावर बरेच अवलंबून राहील. सुईच्या वेळी ही संधी हुकली आणि ग्वादरमध्येही पाण्याआधी बंदर आले. तिसऱ्यांदा तेच घडले, तर बोलन खिंडीतील रेल्वेमार्गावर कितीही पहारे बसवले तरी पुरणार नाहीत.